टीपॉय करायचाय? आधी फळीतलं पाणी मोजा

'टीपॉय' या शब्दाचा चहाशी काहीही संबंध नाही. आपली तिपाई इंग्रजांच्या कानावर पडली, लिहिताना त्यांना तिच्यात चहा दिसला, आणि तीन पायांची ती तिपाई 'टीपॉय' होऊन चार पायांवर आपल्याच दिवाणखान्यात परत आली. तिच्या तीन पायांकडे शेवटी वळू, कारण त्यात शहाणपण होतं.

अलीकडे या टीपॉयचा एक अवतार सगळीकडे दिसतो. खोडातून काढलेली अखंड जाड फळी, तिच्या दोन्ही लांब कडा करवतीने सरळ न करता झाडावर होत्या तशाच वेड्यावाकड्या ठेवलेल्या, आणि खाली लोखंडी पाय. दुकानात याला 'लाइव्ह एज' म्हणतात. व्हिडिओ बघितला तर दोन सुट्ट्यांचं काम वाटतं: फळी आणा, घासा, तेल लावा, पाय ठोका. काम खरंच तेवढंच आहे. त्याआधीची अडीच-तीन वर्षं व्हिडिओत नसतात.

मला हे एका आंब्याने शिकवलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागचा रायवळ आंबा त्या दुपारी मुळासकट आडवा झाला. रायवळ म्हणजे बाठ्यापासून उगवलेला. हापूसच्या कलमाला असं सरळसोट, कवेत न मावणारं खोड क्वचितच असतं. पंचक्रोशीत इतकी झाडं पडली होती की सॉ मिलवाल्याकडे आमचा नंबर लागायला ऑगस्ट उजाडला. दोन महिने ओंडका पावसात लोळत होता. मग त्याच्या अडीच इंच जाडीच्या फळ्या काढल्या, पडवीत रचल्या, आणि डिसेंबरात त्यांतली सगळ्यात देखणी फळी मी पुण्याला आणली. हाताला तर कोरडी लागत होती. जानेवारीत टीपॉय तयार झाला, आल्यागेल्याला दाखवून झाला.

मे महिन्यात एका रात्री फटाका फुटावा तसा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर फळीच्या एका टोकापासून हातभर लांब चीर गेली होती, आणि एक कोपरा असा उचलला होता की कप ठेवला तर चहा बशीत उतरावा. लाकडाने काहीच वावगं केलं नव्हतं. मी फळी लोखंडी चौकटीला सोळा स्क्रूंनी करकचून आवळली होती, आणि तिच्या पोटात पाणी किती आहे हे विचारलंच नव्हतं.

पाणी असतं कुठे?

लाकूड म्हणजे बारीक पोकळ नळ्यांची जुडी. केरसुणीच्या काड्या घट्ट बांधाव्यात तशा या नळ्या खोडाच्या लांबीच्या दिशेने उभ्या असतात. जिवंत झाडात पाणी दोन जागी असतं: नळ्यांच्या पोकळीत, आणि नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं. पिळलेला टॉवेल आठवा. पिळताना गळतं ते पोकळीतलं पाणी. पिळून झाल्यावरही टॉवेल ओलसर लागतो, ते भिंतींतलं.

लाकडातली ओल टक्क्यांत सांगतात, पण हा टक्का जरा वेगळा आहे. ओल्या तुकड्याच्या वजनातून तोच तुकडा पूर्ण वाळवल्यानंतरचं वजन वजा करायचं, आणि आलेल्या उत्तराला कोरड्या वजनाने भागायचं. त्यामुळे ताज्या कापलेल्या लाकडाची ओल शंभर टक्क्यांच्या वरही निघू शकते. याचा अर्थ एवढाच की त्यात लाकडापेक्षा पाण्याचं वजन जास्त आहे.

ओंडका कापला की आधी पोकळीतलं पाणी जातं. या काळात फळी भराभर हलकी होते, पण तिचा आकार जराही बदलत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांवर आली की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंतींतलं पाणी निघायला लागतं. खरी गोष्ट इथून सुरू होते. भिंती बारीक होतात, फळी आकसते. मी फसलो तो नेमका इथे. पहिले चार-सहा महिने फळी शहाण्या बाळासारखी पडून राहते, हाताला कोरडी लागते, आणि आपल्याला वाटतं की वाळली. तिने अजून आकसायला नीट सुरुवातही केलेली नसते.

शिवाय ती सगळ्या बाजूंनी सारखी आकसत नाही. हा एक मुद्दा कळला की सुतारकामातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो. लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही. पूर्ण हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत हजारात एक-दोन भाग. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत आंब्याचं लाकूड साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं. आणि वाढीच्या वलयांच्या कडेकडेने, म्हणजे परिघाच्या दिशेत, साडेपाच टक्क्यांच्या आसपास. बहुतेक झाडांत हा फरक दीडपट ते दुप्पट असतो.

आता खोडाची आडवी कापलेली गोल चकती डोळ्यांसमोर आणा. तिचा परीघ साडेपाच टक्क्यांनी लहान व्हायला बघतोय आणि त्रिज्या साडेतीनच टक्के द्यायला तयार आहे. हिशेब जुळत नाही. म्हणून चकतीला कडेपासून मध्यापर्यंत पिझ्झाच्या तुकड्यासारखी चीर पडते, आणि ती पडतेच. चकतीचा टीपॉय हौसेने करायला घेतलेल्यांनी हे आधीच मनाशी धरून चालावं.

फळीतही हेच भांडण चालू असतं. ज्या फळीतून खोडाचा ऐन मध्य जातो, पेन्सिलीतल्या शिशासारखी भेंडाची रेघ दिसते, ती फळी बहुधा त्या रेघेवरच फाटते. वखारीत अशी फळी सगळ्यात रुंद म्हणून कौतुकाने पुढे करतात. घ्यायचीच असेल तर ती मधून दोन करून घ्यावी. मध्यापासून दूरच्या फळ्या फाटत नाहीत, पण वाकतात. सालीकडची बाजू जास्त आकसते, त्यामुळे फळी त्या बाजूने पन्हळीसारखी खोलगट होते. आणि तंतू पिळाचे असतील तर चारातला एक कोपरा वर येतो.

पुणं आणि दापोली यांत पडणारा फरक

लाकूड एकदा वाळलं की झालं, असं मला वाटायचं. तसं नसतं. लाकूड हवेशी पाण्याची देवघेव कायम करत राहतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या कपाटाचं दार पावसाळ्यात अडकतं ते याचमुळे. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्के ओलीवर स्थिरावतं. आर्द्रता ३० टक्के असेल तर सहावर, ८० असेल तर पंधरा-सोळावर, आणि ९० असेल तर वीसच्या आसपास. लाकूड आंब्याचं की सागाचं, याने या आकड्यांत फार फरक पडत नाही.

यावरून माझ्या फळीचं काय झालं ते सरळ दिसतं. ती कोकणातल्या पावसाळ्यात पडवीत बसली होती. तिथल्या हवेत ती अठरा-वीसच्या खाली जाणं शक्यच नव्हतं, आणि ऑगस्टात कापलेली अडीच इंची फळी डिसेंबरात तिथवरही पोहोचलेली नसणार. तिला मी पुण्यात आणलं, आणि पुण्याच्या उन्हाळ्याने तिला आठाकडे ओढायला सुरुवात केली. वरून कोरडी, आतून ओली, आणि सोळा स्क्रूंनी जखडलेली. ती फाटली नसती तरच नवल.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २८७ या मानकात याच कारणासाठी देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग पाडले आहेत, आणि कुठल्या विभागात फर्निचरच्या लाकडात जास्तीत जास्त किती ओल चालेल हे वेगवेगळं दिलं आहे. 'सीझन केलेलं', म्हणजे वापरण्याजोगं वाळवलेलं, 'आहे साहेब' या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. कुठल्या गावासाठी सीझन केलंय, हे विचारायला हवं.

नीट वाळलेली फळीही वर्षभर थोडी हलणारच. ती किती, हे काढता येतं. घरातल्या फळीची ओल मे महिन्यात ८ आणि ऑगस्टअखेर १३ टक्के धरू, म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. आंबा ३० टक्के ओलीपासून शून्यापर्यंत परिघाच्या दिशेत साडेपाच टक्के आकसतो, म्हणजे ओलीच्या दर टक्क्यामागे सुमारे ०.१८ टक्के. पाचाने गुणलं की ०.९. दोन फूट, म्हणजे ६०० मिलिमीटर रुंदीच्या फळीत हे झाले पाच मिलिमीटरच्या वर. फळीचा काही भाग कमी आकसणाऱ्या दिशेतला असतो, म्हणून चार-पाच धरा. अर्धा सेंटीमीटर रुंदी दर वर्षी येणार आणि जाणार. तिला कुठलाही स्क्रू, कुठलाही डिंक, कुठलंही पॉलिश रोखू शकत नाही.

जुन्या सुतारांना हे गणित न मांडता ठाऊक होतं. वाड्यांच्या दारात मधल्या फळ्या चौकटीच्या खोबणीत सैल बसवलेल्या असतात, डिंकाने चिकटवलेल्या नसतात, म्हणजे त्यांना आत-बाहेर व्हायला वाव राहतो. अखंड फळीच्या टीपॉयला चौकट नसते. त्यामुळे हा वाव आपल्याला दुसरीकडे काढून ठेवावा लागतो. तो पायांच्या जोडात.

वाळवणं

ढोबळ हिशेब असा की सावलीत, खेळत्या हवेत दर इंच जाडीला एक वर्ष. अडीच इंच म्हणजे अडीच वर्षं. घाई झालेल्यांसाठी मोठ्या शहरांत सीझनिंगच्या भट्ट्या आहेत. तिथे तापमान आणि आर्द्रता दोन्ही ताब्यात ठेवून हेच काम काही आठवड्यांत होतं, आणि उष्णतेने आतली कीडही मरते. एकाच फळीसाठी भट्टी मिळणं कठीण, पण दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर ती घालून देणारे भेटतात.

घरी वाळवायचं तर पहिलं काम कापल्या दिवशीच करायचं: दोन्ही टोकं बंद करणं. नळ्या टोकाला उघड्या असतात, त्यामुळे टोकातून पाणी फळीच्या अंगापेक्षा दहा-पंधरा पट वेगाने जातं. टोक आधी आकसतं, मधला भाग अजून फुगलेलाच असतो, आणि टोकाला भेगा पडतात. वितळवलेलं मेण किंवा घरात उरलेला ऑइल पेंट दोन-तीन हात जाड फासला की भागतं. एवढं एक काम केलं असतं तर माझ्या बाकीच्या फळ्यांची टोकं वीतभर छाटावी लागली नसती.

मग रचणं. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट आधार. दोन फळ्यांमध्ये एक इंची चौरस कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांच्या अंतराने, आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या बरोबर एकावर एक. पट्टी चुकीच्या जागी आली की वरच्या ओझ्याने फळी तिथे वाकते आणि तशीच वाळते. सगळ्यात वर वजन. आम्ही जांभ्याचे चिरे ठेवले होते. ऊन नको. उन्हात वाळवलेली फळी लवकर वाळल्यासारखी दिसते, कारण तिचं कातडं तेवढं वाळलेलं असतं.

वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळतं, पण त्याच्या सुया वरचे काही मिलिमीटरच वाचतात. टोकाकडचा चार बोटं तुकडा कापून टाकावा आणि ताज्या कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यावर सुया टोचाव्यात, म्हणजे पोटातला आकडा मिळतो. मला यापेक्षा भरवशाचा वाटलेला उपाय म्हणजे वजनकाटा. चार फूट बाय दोन फूट बाय अडीच इंच आंब्याची वाळलेली फळी ढोबळमानाने ३२ किलो भरते. ओलीचा एक टक्का म्हणजे पाव किलोहून थोडं जास्त, आणि आपण स्वतःला तोलतो त्या काट्यावर एवढा फरक दिसतो. फळी कवेत घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग स्वतःचं वजन वजा करायचं. दर पंधरवड्याला आकडा फळीवरच पेन्सिलने लिहायचा. लागोपाठ तीन-चार वेळा तोच आकडा आला की फळी त्या घरातल्या हवेशी जुळली. 'त्या घरातल्या' हे महत्त्वाचं. आमच्या उरलेल्या फळ्या पडवीत तीन वर्षं होत्या, तरी पुण्यातल्या खोलीत आणल्यावर पहिल्या चार महिन्यांत प्रत्येकीचं वजन दोन किलोने उतरलं.

आंब्याच्या बाबतीत पाण्याइतकंच कीटकांचं बघावं लागतं. या लाकडात स्टार्च भरपूर असतो आणि बारीक भुंगेऱ्यांना तो फार आवडतो. फळीखाली टाल्कम पावडरसारखा भुसा दिसला आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की समजायचं, पाहुणे आत आहेत. फळ्या ताज्या असतानाच त्यांना बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्याचे भरपूर हात द्यावेत. ओल्या लाकडात ते आपोआप आतवर मुरतं, कोरड्यात वरच राहतं. साल पहिल्याच दिवशी काढून टाकावी, कारण कीड सालीखाली राहते. सालीसकट कड सुंदर दिसते हे मान्य, पण ती साल पुढे केव्हातरी सुटणारच, आणि सुटताना झाडण्याचं काम घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी लागतं.

आमचा ओंडका दोन महिने पावसात पडला होता त्याचा एक फायदा झाला. बुरशी शिरली. आंब्याच्या फिकट लाकडात काळ्या शाईने काढल्यासारख्या नकाशाच्या रेषा उमटल्या. बुरशीच्या दोन वसाहती भिडतात तिथे त्या आपापली हद्द अशी आखतात. ओल २० टक्क्यांच्या खाली गेली की बुरशीचं काम थांबतं आणि रेषा तेवढ्या राहतात. नखाने दाबून बघायचं. नख रुतलं तर तो भाग कुजलाय, टाकून द्यायचा.

फळी विकत घ्यायची असेल तर

सगळ्यांच्या घरामागे वादळात आंबा पडत नाही. वखारीत भाव घनफुटावर असतो. चार फूट × दोन फूट × अडीच इंच म्हणजे १.६७ घनफूट. वेड्यावाकड्या फळीची रुंदी कुठे मोजणार, हे भाव ठरवायच्या आधी विचारावं. सगळ्यात रुंद जागी मोजणारे महाभाग असतात.

झाडांबद्दल माझं मत. विलायती शिरीष, म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरचा पसरट पर्जन्यवृक्ष, नवख्या माणसासाठी सगळ्यात बरा: फळ्या रुंद निघतात, गाभा गडद, आणि आकसणं आंब्यापेक्षा बरंच कमी. फक्त रस्त्यावरच्या झाडात पाट्यांचे खिळे असतात, रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवावं. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो, उजेडाने तपकिरी होत जातो. सागाची कीर्ती मोठी, पण इथे एक मेख आहे. साग टिकतो तो त्याचा गाभा. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी किडीला चालतं, आणि झाडाची नैसर्गिक कड ठेवायची म्हणजे नेमकं तेच पांढरं लाकूड ठेवायचं. सागाचे पैसे मोजून किडणारी कड घ्यायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

स्वतःच्या आवारातलं झाड असेल तरी परस्पर तोडू नका. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचित झाडांत साग तर आहेच, आंबा आणि फणसही आहेत. शहरी भागाला १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो. पडलेल्या झाडाची वाहतूक करायच्या आधीही वन खात्याच्या कचेरीत विचारून घ्यावं.

सपाट करणं, चीर सांभाळणं

वाळलेली फळी सरळ नसतेच. पीळ ओळखायला दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि एका टोकाशी डोळा खाली नेऊन बघा; दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसत नसतील तर फळी पिळलेली आहे. हातरंध्याने दोन फूट रुंद फळी सपाट करणं होतं, पण ते करून झाल्यावर माणूस दोन दिवस हात वर करू शकत नाही. सोपा मार्ग म्हणजे फळीच्या दोन्ही बाजूंना दोन समान उंचीच्या सरळ पट्ट्या, त्यांवर सरकणारं घोडं, आणि त्यात राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र. तो एका पातळीत फिरतो आणि उंचवटे कापत जातो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणी मशीनवाले हेच तासाभरात करून देतात, आणि मी दुसऱ्या वेळी बिनदिक्कत त्यांच्याकडे गेलो.

दोन गोष्टी मात्र कुणाकडूनही करून घेतल्या तरी सांगायच्या. दोन्ही बाजूंनी सारखंच कापायचं. एकाच बाजूने अर्धा इंच काढला तर आतले ताण असमान होतात आणि फळी पुन्हा वाकते. आणि पहिला हात मारल्यावर आठवडाभर थांबून मग शेवटचा हात. या आठवड्यात फळी भिंतीला उभी ठेवायची. जमिनीवर आडवी टाकली तर वरच्या बाजूलाच हवा लागते आणि सगळं मुसळ केरात. अडीच इंचांतले पावणेदोन-दोन इंच हाती राहतात.

आता चीर. माझ्या पहिल्या फळीची मी बुजवायला निघालो होतो. मग जॉर्ज नाकाशिमा यांची टेबलं पाहिली. त्यांचा जन्म १९०५ सालचा, अमेरिकेतल्या जपानी कुटुंबातला, शिक्षण वास्तुशास्त्राचं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' वसतिगृहाच्या बांधकामावर होते, आणि आश्रमात त्यांना 'सुंदरानंद' हे नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा आयडाहोमधल्या छावणीत एका जपानी सुताराकडून ते पारंपरिक काम शिकले. पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांनी कार्यशाळा काढली आणि झाडाची कड, तिच्यातल्या भेगा लपवायच्या नाहीत अशा टेबलांसाठी त्यांचं नाव झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी फर्निचर रेखाटलं होतं.

त्यांच्या टेबलांत चिरेवर डमरूच्या आकाराचे लाकडी तुकडे बसवलेले दिसतात. ते नक्षी म्हणून नाहीत. डमरूची मधली कंबर चिरेवर येते, दोन्ही रुंद टोकं चिरेच्या दोन बाजूंना रुततात, आणि चीर पुढे पळू शकत नाही. यात चूक होते ती तंतूंची दिशा ठरवताना. डमरूचे तंतू चिरेला आडवे हवेत, म्हणजे एका रुंद टोकाकडून दुसऱ्याकडे जाणारे. उलटे ठेवले तर डमरू कंबरेतच मोडतो. लाकूड फळीपेक्षा कठीण घ्यावं, मी शिसवी घेतलं. आधी डमरू करायचा, तो फळीवर ठेवून धारदार सुरीने आखायचं, आणि पटाशीने फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं खोल कोरायचं. डमरू फळीचं आकसणं थांबवत नाही हे लक्षात ठेवा. ओल्या फळीत बसवला तर चीर त्याच्या शेजारून जाईल.

फळ्यांमधल्या फटीत एपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं रसायन, भरून केलेली निळी नदी ज्यांना आवडते त्यांना आवडो. ती ओल्या लाकडाला नीट चिकटत नाही, आणि जाड थर एकदम ओतला तर घट्ट होताना स्वतःच्या उष्णतेने उकळल्यासारखी फसफसते, एवढं सांगतो. चिरेत काळा रंग मिसळून पातळ थरांत भरायला ती उत्तम.

कडेवर धारदार हत्यार चालवू नका. साल काढायला बोथट पटाशी, मग तारेचा ब्रश, मग जुना पॉलिश पेपर हाताने. करवतीने सरळ केलेली टोकं आणि कड यांमधला कोपरा थोडा गोल करावा. उंची अशी असते की तो नडगीला लागतो.

तेल की पॉलिश

खोबरेल लावू नका. ते वाळत नाही, चिकट राहतं, खवट होतं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणून ते चालतं. रंगाच्या दुकानात 'बॉइल्ड लिनसीड' मागा, कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. घट्ट होताना तेल तापतं, बोळ्यात उष्णता साठते, आणि चिंध्या आपोआप पेटतात. खरंच पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

चपड्याचं पॉलिश देखणं, पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि टीपॉयवर गरम कप ठेवू नका असं आपल्या घरात कोण कोणाला सांगणार? पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप, जास्त सोसतो, मात्र ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही. तेलाचा ओरखडा पाच मिनिटांत जातो. मी तेल लावतो.

काहीही लावा, खालच्या बाजूलाही तितकेच हात द्या. लेप पाण्याची ये-जा बंद करत नाही, फक्त मंद करतो. वर चार हात आणि खाली कोरडं असेल तर खालची बाजू आधी फुगते आणि फळी वाकते.

पाय

फळीला धरून ठेवायचं, पण आवळायचं नाही. पायांच्या लोखंडी पट्टीला गोल भोकांऐवजी फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडून घ्या, दहा-बारा मिलिमीटरची. मधलं एक भोक गोल ठेवा, म्हणजे फळी मध्याला धरून दोन्हीकडे सरकते. स्क्रूखाली रुंद वॉशर, आणि स्क्रू घट्ट झाल्यावर अर्धा फेरा सैल. हीच ती जागा, जिथे मी सोळा स्क्रूंचा पराक्रम केला होता. फेब्रिकेशनवाला लांबट भोकांना नाक मुरडतो. त्याला चहा पाजून पाडून घ्यावीत.

दुसऱ्या टीपॉयला मी तीन पाय लावले. फळी एका टोकाला रुंद, दुसरीकडे निमुळती होती. रुंद बाजूला दोन, निमुळत्या बाजूला एक. तीन टेकू कुठल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात, चौथा आला की डुगडुग आली. आमच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी बघता, तिपाई म्हणणाऱ्यांना हे नक्की माहीत होतं. तोटा असा की तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर कुणी बसलं तर टीपॉय कलंडू शकतो, म्हणून पाय होतील तेवढे कडेला घ्यायचे. फळीचंच वजन वीस-पंचवीस किलो असल्याने मुलांच्या टेकण्याने काही होत नाही. उंची सोफ्याच्या बैठकीएवढी, सोळा-सतरा इंच.

पहिला टीपॉय अजून आहे. सोळा स्क्रू काढले, चिरेवर तीन डमरू बसवले, उचललेला कोपरा खालून एक इंचाचा वॉशरचा ढीग लावून सावरला. तो गॅलरीत असतो आणि त्यावर कुंड्या असतात. दुसऱ्याच्या खाली पेन्सिलने दोन रेघा आणि दोन तारखा लिहिल्या आहेत: १५ मे, ५९१ मिलिमीटर, ३० ऑगस्ट, ५९५.